तुझ्यादेखत बोललेलं इंग्रजी

प्रिय माय,

सोमवारी मी त्या दवाखान्यात पुन्हा गेल्ते. तुला नेलं होतं, त्याच. तू गेल्यावर ठरवलं होतं की त्या पायरीवर पाय ठेवायचा न्हाई. पण सखूकाकूंना धाप लागून राह्यली होती आणि सोबत जायला त्यांच्या घरात कुणी नव्हतं. शाळेच्या खिचडीच्या चुलीवर तुम्ही दोघी अकरा वर्षं राबलात, त्यांना एकटीला कसं सोडू? तिथं जे झालं ते तुलाच सांगायचंय, म्हणून लिहितेय.

आधी एक कबुली. त्या दिवशी डॉक्टर तुझे रिपोर्ट बघत शेजारच्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंशी इंग्रजीत बोलला. तू माझी बाही ओढलीस. "संगे, काय बोलून राह्यला गं तो?"

"काही न्हाई माय, गोळ्या लिहून देतोय."

खोटं बोलले मी! बारावीपर्यंतचं इंग्रजी होतं माझं, सगळं समजलं होतं. तो म्हणत होता, ही माणसं मरायला टेकल्यावर येतात आणि मग आपल्या नावानं रडतात. तू समोर स्टुलावर बसलेली असताना!

त्याआधी दोन ठिकाणी दाखवून पित्ताच्या गोळ्या घेऊन परत आली होतीस तू. त्यानं हे एकदा तरी विचारलं?

आणि मला तरी काय झालं होतं? इंग्रजी जाऊ दे, मराठीत बोलायचं होतं ना? पण वाटलं, मी तोंड उघडलं तर हा तुझ्यावर राग काढेल. निघताना तू त्यालाच हात जोडलेस. त्याचा मला अजून राग आहे, माय. त्याच्यावर आहे, माझ्यावर आहे आणि थोडा तुझ्यावरही.

तू गेल्यावर दोन महिन्यांनी भोकरदनला सय्यद मॅडमच्या इंग्रजीच्या क्लासला नाव घातलं. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "मॅडम, मला इंग्रजीत भांडायला शिकवा." मुलाखतीची तयारी करणाऱ्या पोरी खो खो हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "गुस्सा है तो रहने दे बेटा, मगर जुबान साफ रख."

त्या म्हणायच्या, 'यू आर रूड' म्हटलं की समोरचा कान बंद करतो. आधी आपल्याला काय वाटलं ते सांग, मग कशानं वाटलं ते, आणि शेवटी काय हवंय ते. माझं डोकंच फिरलं! दुखावलं मला, आणि वर 'प्लीज'ही मीच म्हणायचं? तरी घोकत राहिले. भाकरी थापताना, एसटीत, कापडाच्या दुकानात घड्या घालताना.

सोमवारी तोच डॉक्टर. काकूंचा कागद बघितला आणि शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला इंग्रजीत म्हणाला, "दे नेव्हर टेक देअर मेडिसिन्स." काकू बिचाऱ्या मान डोलवत होत्या.

या वेळी मी तोंड उघडलं.

"एक्सक्यूज मी, डॉक्टर. आय फील हर्ट व्हेन यू टॉक लाइक धिस इन फ्रंट ऑफ हर. शी टेक्स इट एव्हरी डे. प्लीज आस्क हर."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "ओ! यू स्पीक गुड इंग्लिश."

"थँक यू. बट शी डझन्ट. प्लीज टॉक टू हर इन मराठी."

तो लाल झाला. "बाहेर किती पेशंट आहेत, बघितलंत?" घे! लगेच मराठी आलं!

"बघितले, सर. काकूही पेशंटच आहेत." मी जागची हलले नाही.

शेवटी तो काकूंकडे वळला. "मावशी, धापेचा पंप रोज घेता का?"

"घेते की! सकाळ-संध्याकाळ जोर लावून फुकते."

"फुकता?"

काकूंनी पिशवीतून पंप काढला, तोंडाला लावला, दाबला आणि गाल फुगवून फुंकर मारली. सहा महिने त्या औषध हवेत उडवत होत्या, माय! मग डॉक्टरनं स्वतः पंप हातात धरून दाखवलं, श्वास आत कसा ओढायचा ते. तीनदा करून घेतलं. 'सॉरी' काही म्हणाला नाही. मला नकोच होतं ते. दुसऱ्या दिवशी काकू शाळेपर्यंत न थांबता चालत गेल्या.

तुला विचारलं असतं तर तू वाचली असतीस का? मला माहीत नाही. पण तुझं दुखणं काय आहे, ते तुला तरी कळलं असतं!

आता ऐक. दुकानाला सोमवारी सुट्टी असते. येत्या सोमवारपासून मी त्या दवाखान्याच्या रांगेत बसणार. जिच्यासोबत कुणी नसेल आणि जिला मी चालेन, तिच्यासोबत आत जाणार. डॉक्टर आता मला ओळखतो, खुशाल ओळखू दे. मी 'प्लीज' म्हणेन, 'थँक यू' म्हणेन, आणि तिला सगळं समजल्याशिवाय खोलीबाहेर पाय टाकणार नाही. शब्द देते तुला.

तुझी,
संगी