विटांचं कुर्माघर

भामरागड तालुका
१७ नोव्हेंबर २०२४

चि. रंजीता,

आपलं घर, शाळेचे बाक, पोरंपोरी जमतात त्या गोटुलाचे सागवानी खांब, बुधूमामाची बैलगाडी आणि गावाबाहेरचं कुर्माघर, जिथं बाया पाळीचे दिवस काढतात. एवढं या हातांनी केलं. सुतारकाम मला कोणी शिकवलं नाही. वाचणंही नाही.

इथी धानाची कापणी झाली. आई बरी आहे.

तू पाठवलेला संयुक्त राष्ट्रांचा कागद मराठीत असूनही दोनदा वाचावा लागला. एका कलमात आहे, आदिवासींनी आपल्या चालीरीती जपाव्या, तो त्यांचा हक्क. पुढे आहे, हे हक्क बाईला अन् माणसाला सारखेच. गावाची पूजा अन् रीत सांभाळणारे आपले गायता देवाजीभाऊ पहिलं ऐकून खूश झाले. दुसऱ्यावर म्हणाले, "हे लिवणारा कधी कुर्माघरात बसला होता का?"

आई भिंत सारवत होती. म्हणाली, "तुमी तरी कुठी बसले होते, भाऊ?"

मग एका संस्थेचे इंजिनियर आले. सात गावांत विटांची कुर्माघरं बांधायची. नळ, संडास, पंखा. "बायांची सोय होईल, तुमची रीतही राहील." काम मी करावं म्हणत होते. विचार करून सांगतो म्हटलं.

आई बरी आहे लिहिलं, ते आजचं. श्रावणात तिला कुर्माघरात ताप चढला. पर्लकोटा नदीला पूर, रस्ता बंद, वरून छप्पर गळत होतं. बाया बसू लागल्या की पुरुषानं त्या घराला हात लावायचा नाही. मीच बांधलेल्या घराबाहेर मी छत्री धरून उभा. आतून ती विचारत होती, "कोणता कवेलू सरकवू, सांगा." अंगात एवढा ताप, अन् मी सांगत होतो.

तेव्हापासून ती पडवीतल्या खोलीत बसते. देवाजीभाऊंनी दंड म्हणून कोंबडा घेतला, रस्साही आपल्याकडेच बसून खाल्ला.

बाकीच्या बाया तिथंच जातात. त्यांच्यासाठी विटांचं बरं, असं तुला वाटेल. मलाही वाटलं. पण बाई, कुडाचं घर आठ-दहा पावसाळ्यांत बसते, मग पुन्हा बांधायचं का, हे गावाला ठरवावं लागते. मी रचलेली वीट हलत नाही. तुझ्या नातीलाही तिथं बसावं लागेल.

जुन्या कुर्माघराचे कवेलू मात्र परवा मी स्वतः वर चढून बदलले. दंड येईल, देऊ.

इंजिनियरला नाही म्हटलं. सात घरं, माझी मजुरी दोन लाख ऐंशी हजार.

तुझा बाप,
चैतू