तेजरामभाऊंचा तास

८ जुलै, सोमवार
यंदा क्रांती. एमएसडब्ल्यूच्या मुलांना समाजकार्य पुस्तकातून नाही, ज्यांनी मदत घेतली त्यांच्याच तोंडून शिकवायचं. भंडाऱ्यात हे माझ्याआधी कुणाला सुचलं नसावं. प्राचार्य म्हणाले, करा, पण हजेरी घ्या. माणूस ठरला: आंधळगावचे तेजरामभाऊ. आमच्याच शिबिरात दारू सोडली. तेव्हापासून थेंब नाही.

१२ जुलै
आंधळगावला जाऊन आलो. तेजरामभाऊ लगेच तयार. त्यांच्या बायको तुळसाबाई आत गेल्या. चहा दिला. म्हणजे पाठिंबा आहे.

१९ जुलै
पहिला तास. तेजरामभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. तरुणपणी दंडारीच्या खेळात बाईचा पार्ट करायचे, तेच सांगत बसले. आवाज काढून दाखवला. मुलं हसली. दारू सोडल्यावर पहिल्यांदा भाजीची चव कळली, असंही म्हणाले. ठीक. पण गांभीर्य येईना. शेवटी मीच हळूच म्हटलं, मुलीचं सांगता का?
शर्टाची बाही सारखी केली. मग सांगितलं. तुळसाबाई धानाच्या रोवणीला गेल्या होत्या, पोरगी यांच्याजवळ होती. हे पिऊन झोपले. ती शेतातल्या तळ्यात, बोडीत, बुडाली.
मुलांनी पेनं खाली ठेवली. हर्षा तर रडली. अभूतपूर्व. पुढच्या वेळी सुरुवातच तिथून करायची.

२ ऑगस्ट
दुसरा तास. तेजरामभाऊंनी विचारलं, आज दंडारीचं सांगू का? म्हटलं, वेळ कमी आहे. बोडीपासून सुरू केलं. मुलीला पाण्यातून कुणी काढलं, हा तपशील राहिला होता, तो मी विचारून घेतला. त्यांनीच काढलं होतं. बोलल्याने मन हलकं होतं, हे शास्त्र आहे.
परत जाताना स्टँडवर भलत्याच एसटीत बसले. कंडक्टरने उतरवलं. उकाडाही फार आहे.

१४ ऑगस्ट
शेजारच्या नर्सिंगवाल्यांनाही तेजरामभाऊ हवेत. होकार देऊन टाकला. त्यांना विचारायचं राहिलं, पण ते नाही म्हणणारे नाहीत. नागपूरच्या सेमिनारसाठी पेपर सुरू केला. शीर्षक झालं.

२३ ऑगस्ट
आले नाहीत. फोन बंद. नर्सिंगच्या मुली तासभर बसून गेल्या. सहभाग म्हणजे जबाबदारीही असते, हे तेजरामभाऊंना समजावलं पाहिजे.

२५ ऑगस्ट, रविवार
आंधळगाव. तेजरामभाऊ भरदुपारी छपरीत झोपलेले. वास आला. आधी वाटलं, साठवलेली मोहफुलं भिजली असतील.
तुळसाबाईंना धीर दिला. असं घसरणं प्रक्रियेचाच भाग असतो, म्हटलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, तुमी नेता तवा चांगलेच नेता. पन तिकडून येते तो मानूस पोरगी बोडीतून काढूनच येते. हरबार."
मी म्हटलं, मुलांना शिकायला मिळतं.
"अन शिकले का?"
हो म्हणणार होतो. तेवढ्यात तेजरामभाऊ कुशीवर वळले. मी चप्पल घातली.

२ सप्टेंबर
तास रद्द केला नाही. तेजरामभाऊंची तब्येत बरी नाही सांगितलं आणि त्यांची गोष्ट मीच सांगितली. पाठच आहे. कुठे थांबायचं तेही माहीत आहे. रंगली.
शेवटी हर्षाने हात वर केला. सर, मुलीचं नाव काय होतं?
मी म्हटलं, गोपनीयता. सगळ्यांनी लिहून घेतलं.
मी कधी विचारलंच नव्हतं.
संध्याकाळी तुळसाबाईंना फोन लावला. "बोला, सर," म्हणाल्या. मागे कुणीतरी मोठ्याने काहीतरी बरळत होतं. मी विचारलं, तिकडे पाऊस कसा आहे. त्या म्हणाल्या, आहे. मग ठेवून दिला.