गुलाबीला कव्हर लागत नाही

मी, कमळ जयवंत पेडामकर, वय सेहेचाळीस, व्यवसाय शिक्षिका, राहणार बोरीवली पूर्व, आज शनिवार, दिनांक १४ फेब्रुवारी १९८७ रोजी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाचंही दडपण नसताना हा कागद लिहून ठेवते. माझ्यामागे माझं जे काही उरेल त्याची वाटणी यात लिहिल्याप्रमाणे व्हावी. अक्षर जरा थरथरलेलं दिसेल. पुढे कोणी म्हणायला नको की बाई घाबरली होती, म्हणून कारण इथेच नमूद करते. उद्या अंधेरीच्या जिमखान्यात स्नूकरची फायनल आहे, आमचा चेंबूरचा नंदू कोळंबकर फायनलला पोचला आहे, आणि माझ्याकडे तिकीट आहे.

मंगळवारी माझं पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. माझे मोठे दीर काशीराम भावजी म्हणाले, तरीपण मृत्युपत्र करून ठेव. मी दोघांचंही ऐकलं. पण भावजी पुढे म्हणाले, "शनवारीच ॲडमिट हो, फायनल-बियनल रवांदे," ते ऐकलेलं नाही. ऑपरेशन मंगळवारीच आहे, आणि फायनल काही माझ्यासाठी थांबणार नाही.

कलम १. घर. बोरीवलीचं हे घर, एक खोली आणि स्वयंपाकघर, मी माझ्या पगारातून फेडलेलं आहे. ते सर्वस्वी माझं, स्वकष्टाचं आहे. माझे पती जयवंत यांनी ते कधी स्वतःच्या नावावर मागितलं नाही. ते त्याच अंधेरीच्या जिमखान्यात मार्कर होते. मार्कर म्हणजे बिलियर्डच्या खोलीत फळ्यावर गुण लावणारा आणि ते मोठ्याने पुकारणारा माणूस. चार वर्षांपूर्वी ते गेले. हे घर मी भावजींची मुलगी जयंती हिला पूर्ण मालकी हक्काने देते. तिचं लग्न झालेलं असो वा नसो.

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. परवा भावजी इथे, याच पाटावर बसून म्हणाले, "कमळ, मी सांगतंय तां आयक. घर चेडवाच्या नावार करू नको. तिचा लगीन होवांदे, मगे जावयाच्या नावार कर. बायलमाणसाक कव्हर लागता."

कव्हर हा शब्द भावजींच्या तोंडी कॅरममधून आला. गिरणीच्या क्लबात ते कॅरमचे राजे होते. कॅरममध्ये लाल राणी घेतली की तिच्यामागून लगेच दुसरी सोंगटी घ्यावी लागते. तेच कव्हर. ते नाही मिळालं तर राणी परत बोर्डावर. जयवंत गेल्यावर तेराव्याच्या दिवशीही भावजी मला हेच म्हणाले होते. माणूस वाईट नाही. गिरणी बंद पडली तेव्हा स्वतः उपाशी राहून त्यांनी जयंतीची फी भरली. पण त्यांच्या बोर्डावर राणी कधीच एकटी भोकात गेली नाही, आणि जग त्या बोर्डाएवढं आहे असं त्यांना वाटतं.

जयंती त्या वेळी चहा गाळत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, साखर किती?" पण गाळणं तिने असं आपटलं की मला जे कळायचं ते कळलं.

कलम २. मसाल्याचा डबा. हाही जयंतीला. यात नीळ सापडेल, ती फेकू नये. सामना झाला की जयवंत घरी येऊन अख्खा खेळ मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडून दाखवत. लाल बॉल म्हणून आमसुलं. पिवळा हळकुंड, हिरवी वेलची, तपकिरी सुपारी, काळी मिरी, गुलाबी म्हणून छोटा कांदा, आणि पांढरा म्हणून लसणीची पाकळी. निळ्यापाशी आम्ही अडलो. स्वयंपाकघरात निळं काही नसतं. मग मी कपड्यांची नीळ पुडीत बांधून आणली. ते म्हणाले, "आता टेबल पूर्ण झालं." एवढं सुंदर वाक्य मला पुढे कोणी म्हटलेलं नाही.

नियम त्यांनी असा शिकवला. आधी एक लाल घालायचा, मग एक रंग. रंग परत वर येतो, पुन्हा लाल, पुन्हा रंग. म्हणजे लालाशिवाय रंगाला विचारत नाहीत. पण सगळे लाल संपले की रंग आपापल्या ओळीने जातात, पिवळ्यापासून काळ्यापर्यंत, आणि मग परत येत नाहीत. मी विचारलं, "मग तेव्हा त्यांना कव्हर?" ते हसून लोळले. आमसूल ओट्याखाली गेलं ते दिवाळीच्या साफसफाईत सापडलं.

कलम ३. टीव्ही. ब्लॅक अँड व्हाइट, चालू स्थितीत. हा आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाला, थोडी क्षमा मागून. गणपतीत भाड्याने व्हीसीआर आणला होता, तेव्हा पिक्चरच्या आधी मी परदेशी स्नूकरची कॅसेट लावली. पडद्यावर सगळे बॉल राखाडी. मी जीव तोडून सांगत होते, "तो बघा, आता ब्राऊन गेला!" तळमजल्यावरच्या शुभाताई म्हणाल्या, "अगं, सगळे सारखेच तर दिसतायत. आणि यात हिरॉईन कुठाय?" मी सांगितलं, गुलाबी. त्या अर्धा तास तिची वाट बघत बसल्या.

कलम ४. कॅरम बोर्ड. तो भावजींना, पावडरच्या डब्यासह. राणी त्यातच आहे. प्रेमाने देते आहे, टोमणा नाही. थोडा आहे.

कलम ५. साक्षीदार. वकिलांनी बजावलं की साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये. माझे साक्षीदार दोन. एक धाकू राऊळ, जयवंतांच्या हाताखाली शिकलेला, आता जिमखान्याचा मार्कर. जयवंतांची क्यू, म्हणजे खेळायची काठी, मी त्याला आधीच देऊन टाकली आहे, तेव्हा ती या कागदात नाही. दुसरी सगुणा टपके, वेसाव्याची, मासळी विकणारी. तिला काय द्यावं मला सुचत नाही. तिनेच मला सगळं दिलेलं आहे.

हे समजण्यासाठी एक खिडकी समजली पाहिजे. जिमखान्याच्या बिलियर्ड रूमच्या दारावर पितळी पाटी आहे: स्त्रियांना प्रवेश नाही. पण बिलियर्ड रूम आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये चहाचे ट्रे सरकवायची खिडकी आहे. एका रविवारी मी जयवंतांचा डबा घेऊन मागच्या दाराने गेले, तर एक कोळीण त्या खिडकीला नाक लावून उभी. टोपली रिकामी व्हायची वाट बघत बघत ती खेळच शिकली होती. मला बघून बाजूला सरली आणि म्हणाली, "ये गो बाय, दोघींना पुरंल." तेव्हापासून एकही स्पर्धा आम्ही सोडलेली नाही. अर्धं टेबल तिच्या बाजूने दिसायचं, अर्धं माझ्या. मधलं आम्ही एकमेकींना सांगायचो.

तिथेच माझी फजिती झाली. नंदू तेव्हा अगदी नवा होता. सेमीफायनलमध्ये त्याने गुलाबी बॉल असा काही घातला की माझ्या तोंडून निघून गेलं, "कव्हर!" सगळी खोली वळली. जयवंतांनी फळ्याकडे तोंड केलं, पण त्यांचे खांदे हलत होते. नंदू मात्र खिडकीकडे बघून हसला. तेव्हापासून गुलाबी घातला की तो एकदा खिडकीकडे बघतोच. सगुणा म्हणते, "आपल्याला सलाम देतो." मी म्हणते, मान दुखत असेल. पण मनात मीही सलामच धरते.

या वर्षी फायनलची तिकिटं पहिल्यांदाच बाहेरच्यांना विकली. धाकूने आमच्यासाठी दोन घेतली. पाटी मात्र अजून जागेवर आहे. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "बघू." धाकू म्हणतो, "वैनी, बघू म्हणजे नाही." तेव्हा उद्या मी आत असेन की खिडकीशी, हे हा कागद लिहिताना मला माहीत नाही. मंगळवारचं मला एवढं वाटत नाही. पण एकदा, एकदाच, पूर्ण टेबल बघायचं आहे. दोन्ही बाजूंसकट.

सही उद्या साक्षीदारांसमोर करीन. तोवर कागद पर्समध्ये.

पुरवणी, रविवार दिनांक १५.

कागद धाकूच्या टेबलावर टेकवून लिहिते आहे. जे झालं ते कागदावर यायलाच हवं.

आम्ही पुढच्या दाराने गेलो. मी अबोली रंगाची साडी, सगुणा ठेवणीतलं लुगडं आणि केसांत वेणी, आणि डोक्यावर टोपली. मी म्हटलं, "अगं, आज तरी टोपली?" तर म्हणे, "आजच तर टोपली." सेक्रेटरी दारातच उभे. तिकिटं बघितली, पाटीकडे बघितलं.

"बाई, तुम्ही मागून या. खिडकी उघडी ठेवायला सांगतो."

"बरा," सगुणा म्हणाली. "मी मागून येते. पापलेट पुढून जाईल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे रात्रीच्या पार्टीचा पापलेट हाय यात. आज तो आणि आम्ही एकाच दारानं जाणार. आम्ही आत, तर पापलेट आत. नायतर टोपली परत वेसाव्याला."

मागे पाहुण्यांची रांग लागली होती. त्यातला एक सूटवाला म्हणाला, "अहो, सोडा ना त्यांना. पापलेट कोणी सोडतं का?" सगळे हसले. सेक्रेटरींनी टोपलीत डोकावून बघितलं. चांगले मोठे होते. ते बाजूला झाले. पाटी मी बघितली नाही. बघायला वेळच नव्हता, खुर्ची पकडायची होती.

मग ते टेबल. अख्खं! इतकं मोठं असतं ते? इतकी वर्षं मी अर्धंच बघत होते. हिरवं कापड दिव्याखाली असं दिसत होतं की हात फिरवावासा वाटला. निळा बॉल नीळच. सगुणा माझा हात दाबून म्हणाली, "गो, तुझी बाजू मी आज पैल्यांदा बघते."

समोर कलकत्त्याचा खेळाडू होता, फार शांत, फार छान. फ्रेम, म्हणजे एकेक डाव, दोघांनी सारख्याच जिंकल्या आणि शेवटची राहिली. लाल संपले. पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा गेले. टेबलावर गुलाबी आणि काळा. धाकूने पुकारलं, कोळंबकर दोन गुणांनी पुढे. गुलाबीचे सहा, काळ्याचे सात. नंदू वाकला. माझ्या पोटातली गाठसुद्धा गप्प झाली असेल. क्यू सरकली, टक्, आणि गुलाबी कोपऱ्यात गेला, काठालाही न शिवता.

आणि नंदूने वर बघितलं. खिडकीकडे. खिडकी रिकामी. मग शोधत शोधत त्याची नजर खुर्च्यांवर आली, माझ्यावर थांबली, आणि तो हसला.

मी ओठ घट्ट मिटले होते. इतकी वर्षं जपलेली शिस्त होती. ओरडली ती सगुणा.

"कव्हर!"

खोली हसली. मग नंदू काळ्याकडे वळेल म्हणून मी बघत राहिले. तो वळलाच नाही. कलकत्तावाला उठला आणि त्याने हात पुढे केला. मला कळेना. मी धाकूला म्हटलं, "अरे, काळा राहिलाय ना?"

धाकू फळ्यापाशी उभा होता, जिथे जयवंत उभे असायचे. म्हणाला, "वैनी, आठनं पुढे आहे तो. काळ्याचे सातच. संपलं. कव्हर लागत नाही."

टाळ्यांमध्ये बाकीचं ऐकू आलं नाही.

म्हणून कलम १ यातला एक शब्दही मी बदलत नाही. भावजी, घर जयंतीचं. हे वाचून रागावलात तर धाकूला विचारा, तो गुण सांगेल.

सगुणाच्या वाट्याला काय, तेही ठरलं. कागदात काही नाही. फक्त पुढच्या स्पर्धेला तिने माझ्यासाठी उजवीकडची खुर्ची धरायची आहे. मी मंगळवारनंतर येणार आहे. नाहीच आले, तर तिथे जयंतीला बसवावी.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं, आणि साक्षीदारांना वाचून दाखवलं. सगुणा म्हणाली, "सगला बरोबर, पण पापलेट चांगले नाय, झकास होते." तशी दुरुस्ती समजावी.

सही: कमळ जयवंत पेडामकर

साक्षीदार १: धाकू राऊळ

साक्षीदार २: सगुणा धर्मा टपके, डाव्या हाताचा अंगठा. (पहिला ठसा क्यूच्या निळ्या खडूचा आहे, तिने हौसेने उठवला. कायद्याला चालणारा शाईचा ठसा त्याच्या खाली.)

दिनांक: १५ फेब्रुवारी १९८७

ठिकाण: अंधेरी, जिमखान्याची बिलियर्ड रूम. आतून.