काळ्या चिंधीचा सिलिंडर

३ जून

सिलिंडर आला एकदाचा! बाकीचे लोक दुकानात रिकामा ठेवतात, भरलेला उचलतात आणि चालू लागतात. माझा मात्र ट्रकमधून खाली शहरात जातो आणि भरून तोच परत येतो. तोवर ऐन जूनच्या हिवाळ्यात घर गारठलेलं. सुतकातल्या घरचा सिलिंडर दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेला चालत नाही. माझा ओळखता यावा म्हणून तेबेलो दुकानदाराने त्याच्या कड्याला काळी चिंधी बांधली आहे. माझ्या अंगावर सुतकाचं काळं, सिलिंडरच्या अंगावरही काळं. "मी नाही मानत हो असलं काही, पण गिऱ्हाईक मानतं," म्हणाला. मानत नाही म्हणे! हातगाडीवर चढवून दिल्यावर हात पँटला पुसले, ते मी पाहिलं.

५ जून

सासऱ्यांचा खोकला जरा बसला. जन्मभर सोन्याच्या खाणीत धूळ गिळली – त्या छातीला गोवऱ्यांचा धूर सोसत नाही, रॉकेलचा तर नाहीच. गॅसचाच हीटर हवा. मागच्या हिवाळ्यात तो चार दिवस बंद होता, तेव्हा ते निळे पडले होते. यंदा तसं होऊ देणार नाही. माझा नवरा, पोत्लाको, असता तर ही काळजी त्याची. त्याच खाणीने त्यालाही घेतलं, डिसेंबरच्या उन्हाळ्यात.

खोली एकच तापते. म्हणून सून-सासरे एका खोलीत, मध्ये घोंगडी टांगलेली. गावाला बोलायला विषय मिळाला. बोलोत.

१४ जून

बर्फ. घाट बंद. ट्रक नाही.

२० जून

गॅस एव्हाना संपायला हवा होता. मी जपून जाळतेय असंही नाही; म्हाताऱ्याच्या श्वासावर काटकसर करणारी मी कोण? हीटरच्या जाळ्या लालबुंद आहेत. माझाच अंदाज चुकला असेल.

२५ जून

अंदाज चुकलेला नाही.

शेजारची मालिसेबो ऊब घ्यायला आली होती. तिचा गॅस कधीच संपला. बसायला जागा करावी म्हणून तिने हीटर सरकवला, तर तो भर्रकन सरकला. मागे वाकून तिने हीटरच्या पाठीतला सिलिंडर जागच्या जागी उचलून बघितला. एका हाताने. हलवला. आत काही डुचमळलं नाही.

"बाई, ह्यात काहीच नाहीये," ती म्हणाली. समोर जाळ्या लाल. आम्ही दोघी बघत राहिलो. मग तिला एकदम घरचं काम आठवलं. मक्याची उकड पानात तशीच टाकून गेली.

घोंगडीपलीकडून सासरे म्हणाले, "सांगायचं होतंस तिला, पोत्लाको जाळतोय म्हणून." अगदी सहज. पोत्लाको गुरं घेऊन वर गेलाय, असं सांगावं तसं. माझ्या अंगावर काटा आला. मग – लिहायची लाज वाटते – बरं वाटलं.

२८ जून

हीटरजवळ बसून त्याच्याशी बोलले. भांडलेही. जिवंत होतास तेव्हा एकदा तरी चूल पेटवलीस का रे? एक जाळी जराशी मंद झाली, पुन्हा लाल झाली. हा त्याचाच स्वभाव. ऐकून घ्यायचं आणि उत्तर द्यायचं नाही.

१ जुलै

मालिसेबोने गावभर केलं. बायका आता आमच्या दारावरून जात नाहीत, खालून वळसा घालतात.

चुलतसासऱ्यांचा फोन. "वाट जरा मोकळी झाली की येतो. काळं उतरवून टाकू तुझं. मेंढी बघून ठेवलीय." मी म्हटलं, थंडी सरू दे. तर म्हणतात, "का गं, काळं शोभतंय म्हणून कुणी सांगितलं वाटतं?"

काळे कपडे उतरवून जाळले की गेलेला माणूस घर सोडतो. त्यासाठीच तर ते करायचं. आणि मग ह्या म्हाताऱ्याला ऊब कोण देणार? ट्रकचा पत्ता नाही. मी काळं उतरवणार नाही. ठरलं.

६ जुलै

सासरे जेवले नाहीत. आंबील घेतली, तीही घोटभर.

"पोरी, किती दिवस उभा ठेवणार आहेस त्याला?"

"कुणाला, न्ताते?"

"तो दमलाय. खाणीत जन्म गेला माझा. दमलेल्या माणसाचा श्वास मला कळतो."

मी कान दिला. हीटरच्या फसफशीत मध्येच धाप लागल्यासारखं काहीतरी होतं. अडकायचं, पुन्हा सुरू व्हायचं. फार भीती वाटली, आणि तितकंच रडू आलं.

"गारठून मराल, न्ताते."

"मी म्हातारा आहे. तो माझा मुलगा आहे. मोकळं कर त्याला."

मग मीच चुलतसासऱ्यांना फोन केला, या म्हणून.

९ जुलै

घाट ट्रकला बंद असला तरी घोड्याला उघडा. चुलतसासरे आले. मेंढी कापली, माझं डोकं भादरलं, नवी घोंगडी पांघरली. गोठ्यामागे काळे कपडे पेटवले. ते पेटले तेव्हाच आतून सासऱ्यांची हाक आली, "गेला."

हीटर विझला होता.

चुलतसासरे हसले. "गॅस संपला. संपणारच. सिलिंडर आहे तो, झरा नव्हे." आणि मालिसेबोकडे मुक्कामाला गेले.

घरात होत्या नव्हत्या तेवढ्या घोंगड्या सासऱ्यांवर घातल्या. माझी नवीही. गोवऱ्या पेटवू का विचारलं, तर मानेनेच नको म्हणाले. त्यांचे पाय चोळत बसले आहे. सुनेने सासऱ्याला शिवू नये म्हणतात. आज कोण बघतंय?

१० जुलै

सासरे पहाटे गेले.

ट्रक दुपारी आला. दुपारी!

१४ जुलै

पुरलं त्यांना, पोत्लाकोशेजारी. घरात दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून काळं पुन्हा माझ्याच अंगावर. चुलतसासरे माझ्याकडे बघायचं टाळत होते. जाताना म्हणाले, "चूक झाली, माथुसो." मी त्यांच्या घोड्याला पाणी दाखवलं.

१५ जुलै

रिकामा सिलिंडर दुकानात न्यायचा म्हणून हीटरच्या पाठीतून काढला, नळी सोडवली, दाराबाहेर ठेवला. आत वळले.

हीटर पेटलेला आहे. अधूनमधून खोकतो.