खाटेखालची चूळ

बालाघाट, मंगळवार, २० ऑगस्ट १९८५

सासूबाई महिनाभर सांगून राह्यल्या होत्या, "शांते, माह्या खाटेखाली कोणी चूळ भरते." मी खेकसले, "तुमचे कान वाजतात." त्यांच्या खोलीलगतच्या मोरीतलं पाणी तर झरझर जात होतं, मग शंका काहून यावी? आज त्यांच्या खोलीतली फरशी दबली, तेव्हा मिस्त्रीले बोलावलं.

त्यानं कपड्याची नीळ मागितली, बादलीत कालवून मोरीत ओतली. आम्ही मागच्या नालीपाशी उभे. निळा थेंबही आला नाही. मिस्त्री म्हणे, "बाई, पानी बाहर नहीं आया, तो गया कहाँ?" तेवढ्यात खोलीतून चूळ भरल्याचा आवाज आला. अगदी माणसासारखा. मीही ऐकला.

खोदलं तर भिंतीखाली पाइप फुटलेला, अन् खाटेखाली माणूस बसेल एवढी पोकळी, निळ्या पाण्यानं भरलेली. म्हातारी खाटेसकट आत गेली असती. अन् मी तिलेच बोलत होते.

पाइप बदलला, मुरूम भरला. नालीत निळं पाणी आलं. आवाज थांबला.

खाट परत जागेवर सरकवताना कोपऱ्यात मामाजींचा लोटा दिसला. मामाजी, माहे सासरे, जाऊन दोन वर्षं झाली. सासूबाई म्हणाल्या, "मी रोज रात्री खाटेखाली भरून ठेवतो. सकाळी रिकामा राह्यते. आता ते चूळ कुठं भरतीन?"

लोटा फुटका असेल म्हणून भरून ओट्यावर ठेवला. दिवे लागले, तरी एक थेंब गळला नाही. तसाच भरलेला सासूबाईंच्या खाटेखाली ठेवून आले. काहून, ते मले विचारू नये.