बोलायची बंदी

गार्चिंग, जर्मनी, जून २००६

प्रिय दादा,

काल तू फोनवर म्हणालास, "शर्वाणी, कोर्टाने आता मला बोलायची परवानगी दिली," आणि मग सगळं सांगितलंस. तुझ्या लायब्ररीतून कोण कोणती पुस्तकं नेतं, ती माहिती अमेरिकन सरकारने मागितली. तू नकार देऊन कोर्टात गेलास. पण अशी मागणी झाली, हेसुद्धा कुणाला सांगायची कायद्याने बंदी होती. अगदी बायकोलाही.

म्हणजे नाताळात माझ्याकडे आलास ते हे ओझं घेऊनच.  जेवतानाही मोबाइल वाजला की जाकीट चढवून बर्फात बाहेर जायचास. तो वकिलाचा फोन असेल, हे मला कसं कळणार? मी सरळ नीलांबरीवहिनीला फोन लावून म्हटलं, "दादाचं बाहेर काहीतरी चालू आहे, वहिनी."

तिने तुला विचारलं. तू खोटं बोलला नाहीस आणि खरं तुला सांगता येईना. ती लेकाला, मल्हारला घेऊन माहेरी निघून गेली.

काल फोन ठेवताना तू विचारलंस, "तिच्या डोक्यात हे कुणी भरवलं असेल गं?"

मी म्हटलं, "काय माहीत."

एका अनोळखी वाचकासाठी तू संसार पणाला लावलास. मला तर कुठल्याही सरकारने गप्प बसवलं नव्हतं, दादा.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. आधी वहिनीला सांगायला हवं. तिकडे उजाडलं की तिला फोन करते, आणि मग तुला.

तोंड दाखवायला लाजणारी,
शर्वाणी