एका हातात मावेल एवढा

९ जानेवारी, नांदेड
सकाळी पुन्हा हादरा. आधी जमिनीखालून गुरगुर, मग भांडी वाजली. टेबलाच्या टोकावरचा कॉम्प्युटरचा मोठा डबा खाली पडला नि दाराला आडवा बसला. दार आत उघडतं. उघडेना. नवरा हदगावला, शाळेत शिकवायला. घरात मी आणि सासूबाई. त्यांना वॉकरशिवाय उभंही राहता येत नाही. डबा ओढून बाजूला केला तोवर सगळं शांत झालं होतं. तरी मी दार उघडून धरलं.

सा.बा. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आता. चहा टाक."

१० जानेवारी
मदरबोर्ड गेला. लातूरच्या क्लासवाल्यांच्या टायपिंगला घेतलेल्या प्रश्नपत्रिका अर्धवट. संतोषला फोन केला. धाकटा भाऊ, लातूरला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.

"अक्का, पुन्हा मोठं कशाला? सगळ्यात छोटा बोर्ड घे. समदं मिळून भाकरीच्या डब्याएवढं होतंय. मॉनिटरमागं टांगता बी येतंय."

"टांगायचं नाही."

तो हसला नाही. तोही त्याच घरात वाढलाय. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आईनं डोक्यावर साधं कॅलेंडर लावू दिलं नाही कधी.

छोटा घेतला तर टेबल आत, सा.बा.च्या खाटेजवळ सरकवता येईल. दार मोकळं.

१२ जानेवारी
इथल्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, इतक्या छोट्यात काय नसतंय. उन्हाळ्यात तापून राहतंय लई. मधला घ्या. रॅमला चार जागा, पंख्याला हवा." छोट्यात रॅमला दोनच जागा. कामाच्या दृष्टीनं मधलाच बरा, हे कळतंय. तरी मी तीनदा एकच विचारलं, उचलायला केवढा होईल? त्यानं माझ्याकडं बघितलं.

यांना सांगितलं, जागा कमी अडते म्हणून छोटा. खोटं नाही. पूर्ण खरंही नाही. बोर्ड मी निवडतेय की माझी भीती?

संतोषला कळवलं. छोटाच.

१९ जानेवारी, लातूर
संतोषनं समोर बसून जोडला. बोर्ड पसरलेल्या पंजाएवढा. वरून डब्याला मूठ. "हे बघ अक्का, उचल. एका हातात घेऊन पळता येतंय!" केवढा खूश होता. उचलला. खरंच हलका. मीही हसले.

परत येताना बसमध्ये डबा मांडीवर. अहमदपूर गेलं तरी त्याचं वाक्य डोक्यातून जाईना. पळता येतं. जुना उचलवतच नव्हता, त्यामुळं प्रश्नच नव्हता. आता आहे. सा.बा.ना उठवायला दोन्ही हात लागतात. एक काखेत, एक कमरेला.

२२ जानेवारी
टेबल आत घेतलं. दार मोकळं. झोप मात्र

सगळ्या कामाची कॉपी संतोषकडं आहे. डबा चेचला तरी काही जात नाही. हे स्वतःला नीट समजावलं. मग भीती कसली? या घरात माझ्या कमाईची म्हणावी अशी तेवढीच वस्तू. म्हणून? छे. पण लिहिलं खरं.

दुपारी स्क्रू काढून मूठ काढून टाकली. यांनी विचारलं, का? म्हटलं, भिंतीला घासते.

सा.बा. खाटेवरून बघत होत्या. "दिसभर त्याला पुसून राहिलीस. दोन घास बी भरव की."

२ फेब्रुवारी
दुपारी मी ओट्याशी. गुरगुर आली. भांडी वाजली. गॅस बंद केला नि आतल्या खोलीत धावले.

थांबलं तेव्हा मी टेबलाशी उभी होते. उजवा हात डब्यावर.

"कुठं निघालीस गं?" खाटेवरून सा.बा.

"तुमच्याकडंच, आत्याबाई."

त्यांनी दोन्ही हात पुढं केलेले होते. हळूच मांडीवर घेतले.

खाटेकडं जायला टेबलाजवळूनच जावं लागतं. मीच लावलंय तसं. तोल गेला म्हणून हात टेकला असेल. जमीन हलत होती, कुणाचाही टेकेल. बोटं डब्याच्या खाली होती का वर, ते आठवायचा प्रयत्न केला. वर होती. वाटतं. मूठ असती तर

यांना एवढंच सांगितलं, हादरा आला, काही पडलं नाही.

जेवायच्या वेळेला बघितलं तर कोपऱ्यातला सा.बा.चा वॉकर खाटेला लागून. कधी, कसा ओढला कोण जाणे. झोपताना मी बाजूला ठेवायला गेले तर म्हणाल्या, "असू दे. माझ्या हाताशी असू दे."